शटर उघडण्याआधी दुकानदारीचा हिशेब

दुकान टाकायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, “मार्जिन किती सुटतं?” प्रश्न योग्य आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा, “आणि तो माल किती दिवसांत जातो?” गावातला दहा बाय पंधराचा गाळा असो की शहरातलं तीन मजली सुपरमार्केट, किरकोळ विक्रीचा धंदा या दोन उत्तरांवर चालतो. भाडं, उधारी, मांडणी, नोकर, सवलत यातली प्रत्येक गोष्ट शेवटी यांतल्या एका आकड्याला हात लावते.

इथे उदाहरण किराणा दुकानाचं घेतलं आहे. हा धंदा आपल्याला माहीतच आहे असं प्रत्येकाला वाटतं आणि म्हणूनच त्यात उतरताना हिशेब करायचा राहून जातो. कापड, स्टेशनरी, चपला, मोबाइलची कव्हरं यांचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब मांडायची रीत हीच.

आधी मार्जिनच्या टक्क्याचा घोळ मिटवू. ८८ रुपयांना आलेली वस्तू १०० रुपयांना विकली की १२ रुपये सुटतात. विक्रीवर धरले तर ते १२ टक्के, खरेदीवर धरले तर साडेतेरा टक्क्यांच्या वर. माल खपवायला आलेला सेल्समन बहुधा खरेदीवरचा टक्का सांगतो, कारण तो मोठा दिसतो. भाडं, पगार, वीजबिल मात्र जातं गल्ल्यातून, म्हणजे विक्रीच्या पैशातून. त्यामुळे आपला हिशेब नेहमी विक्रीवर मांडावा आणि समोरच्याला एकदा स्पष्ट विचारावं, “हे टक्के कशावर?”

आता एक दुकान डोळ्यांसमोर आणा. उपनगरातला भाड्याचा गाळा, महिन्याची विक्री ४ लाख, सरासरी मार्जिन १२ टक्के. म्हणजे महिन्याला ४८,००० सुटले. त्यातून गाळ्याचं भाडं १२,०००, हाताखालच्या पोराला १०,०००, वीज ४,०००, पिशव्या, दोरा, बिलबुकं आणि किरकोळ दुरुस्त्या २,०००. उंदीर, फुटलेले पुडे, तारीख उलटलेला माल, हिशेबात न सापडणारी तूट, हे सगळं विक्रीच्या १ टक्का धरलं तरी ४,०००. खर्च झाला ३२,०००, हातात राहिले १६,०००. रोज सकाळी सात ते रात्री दहा उभं राहणाऱ्या मालकाचा पगार अजून यात धरलेलाच नाही. आकडे मी कल्पून घेतले आहेत, तुमच्या गावात भाडं निम्मं असेल किंवा दुप्पट. कागद घेऊन तुमचे आकडे घाला, पण मालकाच्या पगाराची ओळ वगळू नका. ज्या दुकानात ती ओळ नसते, ते दुकान कागदावर नफ्यात असतं आणि घर तंगीत असतं.

चार लाखांवर सोळा हजार, म्हणजे शेकड्यामागे चार रुपये, ही रक्कम फारच थोडी वाटत असेल, तर डी-मार्टकडे बघा. डी-मार्ट चालवणाऱ्या अॅव्हेन्यू सुपरमार्ट्सची २०२३-२४ या वर्षातली विक्री ५०,००० कोटींच्या थोडी वर होती आणि करोत्तर नफा अडीच हजार कोटींच्या आसपास. म्हणजे शंभरला पाच रुपये. हे पाच सगळ्यांचे पगार आणि कर वजा जाऊन उरलेले आहेत, पण देशातल्या सर्वांत घट्ट हिशेबाच्या किराणा व्यापाऱ्याकडेही इतकंच उरतं. किराण्यात पैसा एका फेरीत थोडाच सुटतो, फेऱ्या जास्त झाल्या तरच तो दिसतो.

साखरेचं पोतं आणि काचेचे कप

फेऱ्यांचं महत्त्व एका उदाहरणात कळतं. तुमच्याकडे १०,००० रुपये आहेत. त्यांची साखर आणली, खरेदीवर ३ टक्के ठेवून विकली आणि ती आठवड्यात संपली. सुटले ३००. तेच १०,००० पुन्हा साखरेत घातले, पुढच्या आठवड्यात पुन्हा ३००. वर्षाच्या ५२ आठवड्यांत १५,६०० झाले. आता त्याच पैशांचे काचेचे कप आणि भेटवस्तू आणल्या. खरेदीवर ४० टक्के मार्जिन, ऐकायला झकास. पण माल सहा महिन्यांनी संपतो. वर्षात दोन फेऱ्या, ८,००० रुपये. शिवाय दोन कप फुटले, एका सेटचा खोका पावसात भिजला.

याचा अर्थ फक्त साखर विका असा नाही. ४० रुपये किलोचा भाव धरला तर त्या १०,००० मागे दर आठवड्याला अडीचशे किलो साखर उचलायची, सोडायची, तोलायची असते. त्यात मजुरी आहे, जागा आहे. शहाणा दुकानदार दोन्ही ठेवतो. साखर, तेल, पीठ, डाळ हे गिऱ्हाईक आणणारे जिन्नस. मसाले, सुकामेवा, अगरबत्ती, घरगुती लोणची, पापड यांच्यावर खरी कमाई. यादीतल्या प्रत्येक जिनसाला विचारा, “तू माणसं आणतोस की पैसे?” दोन्ही न करणारा जिन्नस रॅकवर फुकट राहतो आहे.

हे सगळ्या दुकानाला लावून बघा. ४ लाखांच्या विक्रीसाठी महिन्याला साडेतीन लाखांचा माल लागतो. दुकानात सतत ४ लाखांचा साठा असेल तर तो वर्षात दहा-साडेदहा वेळा फिरतो. साठा २ लाखांवर आणून विक्री तीच राखली तर फेऱ्या दुप्पट, कमाई तितकीच, आणि २ लाख रुपये मोकळे. या २ लाखांवर व्याज नाही, त्यांना उंदीर लागत नाहीत, त्यांची तारीख उलटत नाही. नवा दुकानदार रॅक भरलेले दिसावेत म्हणून कर्ज काढून माल भरतो, ते या कारणाने महागात पडतं. रॅक भरलेले दिसायला हवेत हे खरं, पण त्यासाठी पुढे दोन ओळी पुरतात, मागे चार खोकी लागत नाहीत.

राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं, तेव्हापासून त्यांचं धोरण याच बाजूने आहे. प्रकार मोजके, पण खपणारे. जागा शक्य तिथे स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याची टांगती तलवार नाही. आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याबदल्यात भाव पाडून घ्यायचा. बडे विक्रेते सहसा उलट करतात, माल विकून झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पुरवठादाराला पैसे देतात. लवकर पैसे देणाऱ्याला बाजारात किंमत असते, हे छोट्या दुकानदारानेही उचलण्यासारखं आहे. घाऊक बाजारात रोखीचा भाव आणि उधारीचा भाव असे दोन भाव असतात, आणि त्यांतला फरक बँकेच्या व्याजापेक्षा बहुधा जास्त निघतो.

उलट टोकाचं उदाहरण चेन्नईच्या सुभिक्षाचं. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या साखळीची दहा-अकरा वर्षांत देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं झाली, आणि २००९च्या सुरुवातीला रोकड आटली. पगार थकले, पुरवठादारांनी हात आखडले, रॅक रिकामे पडले, शटरं खाली आली. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ही साखळी बुडाली नाही. कर्जावर वाढवलेल्या धंद्यात रोख पैसा थांबला की काय होतं, ते तिथे दिसलं.

आणि एक मजेदार मराठी उदाहरण, दुकानाशिवायच्या दुकानदारीचं. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत सभासद कुटुंबांचे गट करते. प्रत्येक गट महिन्याची मागणी आधी नोंदवतो, मग एकत्रित खरेदी होते आणि माल थेट गटाच्या ठिकाणी येऊन वाटला जातो. काय विकलं जाणार हे खरेदीच्या आधीच ठाऊक, त्यामुळे साठा पडून राहण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. छोट्या दुकानालाही याची नक्कल करता येते. महिन्याच्या यादीची पंचवीस-तीस घरं बांधून घ्या, त्यांच्या याद्या २५ तारखेपर्यंत व्हॉट्सअॅपवर मागवा आणि मग ऑर्डर टाका.

माल येतो कुठून

पॅकबंद मालाची वाट ठरलेली आहे. कंपनीचा कारखाना, तिथून राज्यातला डेपो, तिथून तुमच्या भागाचा डिस्ट्रिब्युटर, आणि त्याचा सेल्समन आठवड्याच्या ठरलेल्या वारी तुमच्या दारात. या फेरीला बीट म्हणतात. आज ऑर्डर दिली की उद्या-परवा टेम्पो येतो. म्हणजे साबण-पेस्टचा साठा आठ-दहा दिवसांहून जास्त ठेवायचं काही कारण नसतं. तरी तो साठतो, कारण स्कीम. “बारावर एक फ्री, शेठ. आजच्या दिवसच आहे.” बारा डझन घेतले, एक डझन फुकट मिळाला, पण तुमच्याकडे महिन्याला दोन डझन जातात. सहा महिने पैसा अडकला. स्कीम घेण्याआधी मनात एकच हिशेब करा, हा माल किती दिवसांत संपेल? महिन्याच्या आत संपणार असेल तर घ्या. नाहीतर शेजारच्या दुकानदाराशी बोलून अर्धा-अर्धा उचला. हा प्रकार बाजारात सर्रास चालतो.

सेल्समनचीही बाजू समजून घ्यावी, कारण त्यात आपला फायदा आहे. त्याला महिन्याचं टार्गेट असतं. २८ तारखेनंतर त्याच्या आवाजात विनवणी येते, “एक बिल टाका ना शेठ, थोडंसं राहिलंय.” त्या दिवसांत सवलत, जास्तीचं पुडकं, मागचं अडकलेलं डॅमेज बदलून घेणं, या गोष्टी सुटतात. मात्र तारीख उलटलेला माल परत घेण्याचं वचन तोंडी घेऊ नका. कोणती कंपनी काय परत घेते, तारखेच्या किती आधी सांगावं लागतं, क्रेडिट नोट किती दिवसांत येते, हे पहिल्याच महिन्यात वहीत लिहून त्याच्याकडून सही घ्या. माणूस बदलतो, नवा सेल्समन “ते मला माहीत नाही” म्हणून मोकळा होतो.

धान्य, डाळी, गूळ, मसाला यांची वाट वेगळी. ती नवी मुंबईच्या बाजार समितीतून, पुण्याच्या मार्केट यार्डातून किंवा तालुक्याच्या घाऊक पेठेतून येते. इथे छापील किंमत नाही, भाव रोज हलतो आणि पारख नावाची गोष्ट लागते. तूरडाळ हातात घेऊन चोळायची, तांदूळ दाताखाली धरायचा, शेंगदाण्यात खवट वास येतो का बघायचं. नवीन माणसाने पहिले काही महिने एका ओळखीच्या जुन्या दुकानदारासोबत यार्डात फिरावं. त्याच्या गाडीचं निम्मं भाडं भरलं तरी स्वस्त पडेल.

तिसरी वाट अलीकडची, घाऊक कॅश अँड कॅरी दालनं आणि दुकानदारांसाठीची अॅप्स. काही जिन्नस इथे डिस्ट्रिब्युटरपेक्षा स्वस्त मिळतात. यावरून डिस्ट्रिब्युटर मंडळी आणि कंपन्यांत चांगलंच वाजलं आहे. २०२२च्या सुरुवातीला महाराष्ट्रात वितरकांनी काही बड्या कंपन्यांच्या ठरावीक मालावर बहिष्काराचं हत्यार उपसलं होतं. छोट्या दुकानदाराने या भांडणात बाजू घेऊ नये. भाव दोन्हीकडे बघावा, पण डिस्ट्रिब्युटर पूर्ण तोडू नये, कारण खराब माल बदलून देणारा आणि अडीअडचणीला आठ दिवस थांबणारा तोच.

दहा ग्रॅमची गोष्ट

सुट्या मालात नफा कुठे गळतो ते बघायचं तर काट्याजवळ उभं राहावं लागतं. ५० किलोचं साखरेचं पोतं, ४० रुपये भाव, म्हणजे २,००० रुपयांचा माल आणि ३ टक्क्यांनी ६० रुपये सुटणार. पोरगा एकेक किलोचे पुडे बांधतो. काटा १,००० वर आला की थांबायला हवं, पण हात सैल पडतो आणि आकडा १,०१० होतो. परत काढायचा कंटाळा. ५० पुड्यांत मिळून अर्धा किलो साखर जास्त गेली, २० रुपयांची. ६० मधले २० गेले, आणि कुणी चोरीही केली नाही. पोत्याच्या तळाशी राहिलेली आणि सांडलेली वेगळी. पुडे बांधणाऱ्याला याचा हिशेब एकदा समोर बसवून करून दाखवा, ओरडण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

कमी तोलून ही तूट भरून काढायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. गिऱ्हाईक घरी तोलून बघतं, आणि एका सोसायटीत एकाने बघितलं की सगळ्यांना कळतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. मिठाई, सुकामेवा विकत असाल तर खोक्याचं वजन मालात धरता येत नाही.

एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचे पुडे आधीच बांधून ठेवले की कायद्याच्या दृष्टीने ती पॅकबंद वस्तू होते, आणि मग त्यावर नाव, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याचा महिना असे तपशील लागतात. जीएसटीच्या बाजूनेही फरक पडतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी-धान्य-पिठावर ५ टक्के कर आहे, गिऱ्हाइकासमोर सुटं तोलून दिलेल्यावर नाही. आपण नेमकं काय विकतो ते कर सल्लागाराला दाखवून ठरवून घ्या. दुकानाच्या बोर्डावर काय लिहायचं याचा विचार जितका होतो, तितका याचा होत नाही. बोर्डाचं बोललोच आहे तर, तो मराठीत, देवनागरीत आणि ठळक असणं राज्यात सक्तीचं आहे.

काय कुठे ठेवायचं

१९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने पिगली विगली हे दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकाला स्वतः रॅकवरून माल घेऊ दिला. तोवर बहुतेक ठिकाणी आपल्या वाण्यासारखीच पद्धत होती, यादी द्या आणि काउंटरपाशी उभे राहा. स्वतः हाताने घेणारा माणूस यादीपेक्षा जास्त घेतो, यावर आजची सगळी मॉल संस्कृती उभी आहे. तुमच्या छोट्या गाळ्यात गिऱ्हाइकाला आत सोडायला जागा नसेल, तरी काउंटरच्या पुढची दोन फूट जागा सोन्यासारखी वापरा. तिथे यादीत नसलेला, लहान, लगेच उचलता येणारा माल हवा. चिक्की, राजगिरा लाडू, बिस्किटं, पेन, सेलोटेप. साबुदाणा आणि रवा मागे ठेवला तरी चालतो, तो हवा असलेला माणूस मागणारच आहे.

मुलांच्या नजरेच्या उंचीवर चॉकलेट, मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर जास्त मार्जिनचा माल, खाली जड पोती. शेजारी ठेवायच्या जोड्या तुमच्याच बिलांत सापडतील. पोह्यांजवळ शेंगदाणे, चहाजवळ बिस्किटं, बेसनाजवळ पापडखार. आणि नवा माल आला की तो मागे, जुना पुढे. पोरगा नेहमी उलट करतो, कारण पुढे ठेवणं सोपं असतं.

दुधाबद्दल वेगळं लिहायला हवं. पिशवीमागे सुटणारी रक्कम मोजकी, पहाटे उठावं लागतं, फ्रिज बंद पडला तर नुकसान. कागदावर हा धंदा करू नये असाच निघतो. तरी करावा, कारण दूध घ्यायला तेच माणूस रोज येतं, आणि महिन्यात तीस वेळा दारात आलेला माणूस साबण दुसरीकडून आणत नाही. थंड पेयांच्या कंपन्या फ्रिज देतात, त्याचा मात्र कागद वाचून घ्या. आत फक्त त्यांचाच माल ठेवण्याची अट बहुधा असते आणि वीजबिल तुमचं असतं.

वेळेबद्दलही सांगायला हवं. भाडं दिवसाच्या चोवीस तासांचं द्यावं लागतं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून महाराष्ट्राने पुण्याची पुरेशी थट्टा केली आहे. तिथल्या चितळे बंधू मिठाईवाल्यांनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली ती बातमी झाली होती. किराण्यात मात्र दुपारची विश्रांती हा आळस नाही, कित्येक ठिकाणी दुपारची विक्री दिव्याच्या बिलाएवढीही नसते. तासाप्रमाणे विक्री महिनाभर लिहा आणि मग ठरवा.

उधारी, सवलत आणि घरची साखर

उधारी न देता वस्तीतलं किराणा दुकान चालत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. प्रश्न किती आणि कुणाला हा आहे. हजार रुपयांची उधारी बुडाली की खरेदीचे ८८० गेले. शंभरला १२ सुटतात, म्हणजे हे ८८० भरून यायला ७,३०० रुपयांहून जास्त विक्री फुकट करावी लागते. ६०,००० बाजारात अडकले असतील आणि तुमचं मालातलं भांडवल अडीच लाख असेल, तर जवळपास पाव भांडवल तुमच्या हातात नाही, पण डिस्ट्रिब्युटरचा चेक मात्र ठरल्या तारखेला लागणारच. म्हणून प्रत्येक खात्याला मर्यादा घाला आणि पगाराच्या तारखेशी जोडा, “दहा तारखेला मागचं क्लिअर झालं की पुढचं सुरू.” हे पहिल्याच दिवशी हसत सांगितलं तर कुणी रागावत नाही. तिसऱ्या महिन्यात सांगितलं की अपमान होतो.

सवलतीचा हिशेब तितकाच निष्ठुर आहे. ८८ ची वस्तू १०० ऐवजी ९५ ला दिली की १२ ऐवजी ७ सुटतात. तेवढीच कमाई राखायची तर विक्री ७१ टक्क्यांनी वाढायला हवी. वस्तीतली माणसं तीच, खाणारी तोंडं तीच, इतकी विक्री वाढणार कुठून? सरसकट पाच टक्के सूट देण्यापेक्षा भाव पाठ असलेल्या चार-पाच जिनसांवर, तेल, साखर, चहा, तूरडाळ यांवर, भाव ताणून ठेवा. लोक दुकान स्वस्त की महाग ते याच जिनसांवरून ठरवतात. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं मात्र गुन्हा आहे, थंडगार बाटलीचे वरचे दोन रुपयेसुद्धा.

घरात लागणारी साखर, तेल, साबण दुकानातून जातो आणि कुठे लिहिला जात नाही. वर्षाअखेर साठा मोजताना तूट दिसते आणि संशय बिचाऱ्या पोरावर जातो. घराचंही एक खातं उघडा आणि वहिनींना, आईला सांगून ठेवा की नेलेलं लिहायचं. भांडण होईल, पण एकदाच.

वर्षाचा ताल

दुकानाचं वर्ष जानेवारीला सुरू होत नाही. एप्रिल-मे हे वाळवणाचे आणि वर्षभराच्या मसाल्याचे महिने, तेव्हा मिरची, धणे, हळद, उडीदडाळ, साबुदाणा. आषाढी एकादशीपासून उपवासाचा माल चढतो आणि श्रावणात टिपेला जातो. भगर, राजगिरा, शेंगदाणे, शिंगाड्याचं पीठ. गणपतीत गूळ, खोबरं, तांदळाचं पीठ, नवरात्रात पुन्हा उपवास, आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस बेसन, रवा, मैदा, डालडा, पोहे, पिठीसाखर. यातला प्रत्येक जिन्नस सणाच्या तीन आठवडे आधी भरायचा आणि सणाच्या दिवशी जवळजवळ संपलेला असायला हवा. दिवाळीनंतर उरलेलं बेसन जाळ्या धरतं. गेल्या वर्षी काय किती गेलं हे वहीत असेल तर हे सोपं आहे, नसेल तर या वर्षी लिहायला घ्या.

महिन्याचाही ताल असतो. १ ते १० मोठ्या याद्या, २० नंतर पाव किलो, शंभर ग्रॅम. म्हणून मोठे पॅक २८ तारखेपर्यंत यायला हवेत आणि २० नंतर छोटे पाउच पुढे.

कागदपत्रं थोडक्यात. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतोच, दुकान कितीही छोटं असो. दुकान कायद्याखाली छोट्या दुकानाला ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं. केवळ माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीनंतर आहे. आपलं उदाहरणातलं दुकान ४८ लाखांचं, म्हणजे ते आत येतं. दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत १ टक्का कर भरून मोकळं होता येतं, पण मग खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा करही घेता येत नाही. विक्रीवर ४ टक्के उरणाऱ्या धंद्यात हा १ टक्का लहान नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी आकडे मांडून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं ५ टक्क्यांत आली, त्या वेळी जुन्या छापील किमतीचा साठा ज्यांच्याकडे जास्त होता त्यांची डोकेदुखीही जास्त होती. भांडवलासाठी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत मिळतं. कर्जाचा हप्ता वरच्या १६,००० मधून जाणार आहे, एवढं ध्यानात ठेवून रक्कम मागा.

दहा मिनिटांत घरी

शहरात दुकान टाकणाऱ्याला आता झेप्टो, ब्लिंकिट, इन्स्टामार्ट या झटपट घरपोच देणाऱ्या अॅप्सचा विचार करावाच लागतो. त्यांच्याशी भावात लढू नका. त्यांच्या सवलतीमागे गुंतवणूकदारांचा पैसा आहे, तुमच्यामागे तुमच्या आईच्या पाटल्या आहेत. पण त्यांना पाच रुपयांची कोथिंबीर, दहा रुपयांची खसखस आणि “काल दिलेली डाळ शिजत नाही” म्हणून परत आणलेला पुडा परवडत नाही. तुम्हाला परवडतो. फोनवर ऑर्डर, एक सायकल आणि ओळखीचा पोरगा एवढ्यात आसपासच्या चार इमारती सांभाळता येतात. घरपोच देण्याला किमान रक्कम ठेवा, नाहीतर पोरगा एका पावाच्या लादीसाठी चौथा मजला चढेल. यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या पैशांना दुकानदाराला शुल्क पडत नाही, क्रेडिट कार्डाला पडतं, म्हणून यूपीआयचा क्यूआर कोड पुढे ठेवा. आणि रात्री यूपीआयची बेरीज व गल्ला वेगवेगळा लिहा.

शेवटचा विषय कुणी काढत नाही, दुकान बंद करण्याचा. गाळ्याचा करार करतानाच किती महिन्यांची नोटीस आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहून घ्या. सुरुवातीलाच स्वतःशी एक मुदत ठरवा, साधारण एक वर्ष, आणि तोवर मालकाचा पगार निघू लागला नाही तर वाट बदलायची. आवरायचं ठरलं तर बाहेर सांगण्याआधी तारीख जवळ आलेला माल डिस्ट्रिब्युटरकडे वळवा, कारण बातमी फुटली की बदलून देणारे फोन उचलत नाहीत. उधारी त्याआधी वसूल करायला घ्या, शटर खाली गेलेल्या दुकानाची बाकी कुणी आणून देत नाही. काटा, रॅक, फ्रीजर यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. जीएसटी नोंदणी रीतसर रद्द करून घ्या, नाहीतर विवरणपत्रं न भरल्याच्या नोटिसा येत राहतात. आणि कंपनीचा फ्रिज परत देताना पोच घ्यायला विसरू नका.